सामाईक विहीर

नळदुर्गच्या पाणीमहालात शिरलं की आधी गारवा अंगाला लागतो, मग हळूहळू डोळे अंधाराला सरावतात. बोरी नदीला बांध घालायचा आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बसवायचा, ही कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आत बसलेल्याला थेंब लागत नाही. आम्ही गेलो ते मार्गशीर्षात. नर कोरडा, मादी कोरडी, आणि खालच्या दगडांवर काळीभोर शेरडं उन्हं खात उभी. गाडी चालवत होती माझी सोलापूरची मैत्रीण. तिचं सासर लोहारा तालुक्यात आणि दोन दिवसांवर येळवस. "येळवस बघितल्याशिवाय आमच्या जिल्ह्यावर एक ओळ लिहायची नाही," असा तिचा दम होता.

किल्ल्याबाहेरच्या हॉटेलात चहा घेताना मालकानं पहिला प्रश्न केला, "कुठून आलाव?" आणि लगेच दुसरा, "तिकडं कुणाचं वारं हाय?" पुण्यात, निदान आमच्या कोथरूडात, अनोळखी बाईला हे कुणी असं उघड विचारत नाही. आम्ही आधी समोरच्याचा डीपी बघतो, गाडीच्या काचेवरचा स्टिकर बघतो, अंदाज बांधतो आणि मग एकतर मन मोकळं करतो किंवा हवापाण्यावर बोलतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे एका निवडणुकीत दोन झाले, ते अजून दोनच आहेत. टँकर किती वाजता येणार हे एका ग्रुपवर कळतं आणि टँकर का लागतोय, याला कोण जबाबदार, हे दुसऱ्यावर. दोन्हीकडे सगळे सभ्य. जिन्यात भेटलो तर हसतो. पण गेल्या कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी भांडलेलोसुद्धा नाही.

या हॉटेलात मात्र भांडण ऐन रंगात होतं. विषय निघाला रस्त्याच्या कामाचा, गेला आमदारापर्यंत आणि तिथून, कसा कोण जाणे, निजामाच्या रझाकारांवर. मालकाचे वडील लहान असताना आईबापांबरोबर रातोरात सोलापूरकडे पळाले होते. जोंधळ्याची कणगी, बांधलेली गाय, सगळं मागं टाकून. गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितलेली असावी की कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे त्याला पाठ होतं. 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या हद्दीत शिरल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल त्यांच्या ताब्यात आला. 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. गोष्ट तिथं संपली. हॉटेलातल्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात पंक्चरचं दुकान चालवणारे एक चाचा बसले होते, ते बशीतला चहा संपवून म्हणाले, "आमच्या घरात बी एक गोष्ट हाय. ती सतरा सप्टेंबरनंतर सुरू व्हती."

कुणी काही बोललं नाही. कुणी त्यांना गप्पही केलं नाही. मालकानं त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.

ती दुसरी गोष्ट सरकारदरबारी लिहिलेली आहे. या फौजी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शननंतर, हैदराबाद संस्थानात मुसलमानांवर सूड उगवला गेल्याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये ते गावोगाव फिरले. त्यांच्या अंदाजानं संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली होती आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात. अहवाल कित्येक दशकं बंद कपाटात राहिला, 2013 च्या सुमारास अभ्यासकांना मोकळा झाला. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरं. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत पहिलं असतं, दुसरं नसतं. घराघरांत मात्र दोन्ही असतात. एका घरात एक, शेजारच्या घरात दुसरं.

त्या अहवालातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवलं, आणि एका धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी जास्त दिसली, असं समितीनं लिहिलंय. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले आणि त्यात काहींनी प्राण गमावले. मारायला आलेलेही हिंदूच होते. विणकरांनी त्या वेळी काय विचार केला असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. रोज एकाच सुताचा भाव विचारणाऱ्या माणसाला समोरच्याचा धर्म दुसऱ्या क्रमांकावर दिसत असावा, एवढा अंदाज मी बांधते. गोष्टी दोन्ही बाजूंच्या सांगायच्या, तर निजामाच्या राजधानीतल्या शोएबुल्लाखानचीही सांगावी लागते. 'इमरोज'चा हा तरुण संपादक मुसलमान होता, संस्थान भारतात विलीन व्हावं म्हणून लिहीत होता, आणि ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला मारलं. खाती इतकी सरळ मांडता येत नाहीत.

नळदुर्ग सोडून पूर्वेला वळलो. काळी जमीन, हरभऱ्याचे पट्टे, मधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी. हिप्परगा वाटेवरचंच. निजामाच्या राज्यात 1921 साली इथं राष्ट्रीय शाळा निघाली आणि व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथं शिकवता शिकवता पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. आम्ही थांबलो, पाटी बघितली, निघालो. मैत्रिणीला सासूचा तिसरा फोन आला होता.

सास्तूरला मात्र थांबणं भाग होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते झोपले असताना, किल्लारीबरोबर ज्या गावांची माती झाली त्यात सास्तूर मोठं. दगडमातीची रुंद भिंत, वर माळवद आणि त्यावर दरवर्षी चढणारा मातीचा थर. ती घरं उन्हाळ्यात जेवढी थंड, तेवढीच त्या रात्री जड झाली. लातूर-उस्मानाबाद मिळून आठ-दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आज सास्तूरचे रस्ते रुंद, सरळ, काटकोनात एकमेकांना छेदणारे. माझ्या शहरी डोळ्यांना ते आधी बरे वाटले. एका ओट्यावर निवडत बसलेल्या आज्जी म्हणाल्या, "रस्ता लई मोठा झालाय बाई. समोरचीला हाक मारायला उठावं लागतंय."

पुनर्वसनात घरं देताना जमिनीचा हिशोब लावला होता. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मध्यम जमीनवाल्याला चारशे, त्याहून मोठ्याला साडेसातशे. हेतू वाईट नव्हता, सरकारला कुठला तरी निकष लागतोच. पण मराठवाड्यात एकर आणि जात यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे जुन्या गावातला वाडा जसा होता तसाच राहिला, फक्त त्याला आता ब्लॉक म्हणतात. भूकंपाच्या ढिगाऱ्यात एकमेकांना हातांनी उकरून काढणारी माणसं वर्ष-दोन वर्षांत पुन्हा आपापल्या ओळीत राहायला गेली. याच काळात एक शहाणपणाचं कामही झालं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'नं दुरुस्ती-बांधकामासाठी गावागावांतल्या बायकांना संवाद सहायक केलं. सिमेंट कुणाला किती, अनुदानाचा हप्ता अडला कुठं, भिंतीला कोपऱ्यात गज घातला का, हे साहेबाला विचारणारी आणि शेजारणीला समजावणारी बाई गावातलीच. दोघांच्याही शिव्या तिनं खाल्ल्या असणार. पण शिव्या खायला कुणीतरी ठरलेलं माणूस असणं, ही लहान गोष्ट नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर आणि धाराशिव सोडले तर उरलेल्या महाराष्ट्राला तिची फारशी खबर नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात. दुकानं बंद, पारावर कुत्री, आणि सगळी माणसं शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात, ज्याला दोन आमंत्रणं तो दोन्हीकडे थोडं थोडं जेवतो. आम्ही पोचलो तेव्हा कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव बसले होते, अंगावर नवी शाल. मैत्रिणीचे सासरे तांब्यातून आंबिल शिंपडत पिकाभोवती फिरत होते. मग पंगत. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर, कोंदीच्या पोळ्या, आणि मडक्यातली गार आंबिल. भज्जी म्हणजे तळलेली भजी असं समजून मी हात पुढे केला, तर पळीभर दाट पातळभाजी पडली. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, गाजर, मेथी, पातीचा कांदा, चिंच आणि वरून बेसन. शिवारात त्या आठवड्यात जे जे हाताला लागतं ते सगळं. चमच्यानं खाणाऱ्याला तिथं हसतात.

पंगतीत कोण कोण होतं, ते मैत्रीण कानात सांगत होती. घर मराठ्यांचं. शेजारी ओबीसींतले गुरुजी, शिक्षक म्हणून निवृत्त. ट्रॅक्टर चालवणारा मुसलमान पोरगा आणि त्याची आई. लिंगायत वाण्याचं कुटुंब उशिरा आलं. दोन घास पोटात गेले आणि सासऱ्यांच्या भावानं, बापूंनी, विषय काढलाच.

"गुरुजी, तुमच्या पोरीचं झालं का जॉइनिंग?"

"झालं की. परवाच."

"बरं झालं. आमच्या पोराचं तीन मार्कांनी गेलं." मग थोडं थांबून, "तुमच्या पोरीचं मला वाईट नाही वाटत. माझ्या पोराचं वाटतंय."

"वाटणारच, बापू. पण मला सांगा, तुमचा कागद सापडला तर तुमचं पोरगं आमच्याच ताटात येणार. ताट तेवढंच. मग माझ्या धाकट्याला कुठं बसवू?"

ज्या कागदाबद्दल ते बोलत होते तो निजामाच्या काळातला. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, मनोज जरांगे पाटलांचं उपोषण घराघरांत पोचलं, आणि मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली. त्या नोंदींवरचं सुरुवातीचं प्रमाणपत्र याच जिल्ह्यातल्या कारी गावच्या माणसाला दिलं गेलं. त्याच सुमारास, 30 ऑक्टोबरला, शेजारच्या बीड जिल्ह्यात आमदारांची घरं जळाली आणि इथं उमरगा तालुक्यात तुरोरीजवळ कर्नाटकची एसटी पेटवली गेली. जिल्ह्यात संचारबंदी लागली. गावोगाव पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक. सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे नोंदी ग्राह्य धरण्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा एका बाजूनं गुलाल उधळला आणि दुसरी बाजू उपोषणाला बसली. मुंबईच्या स्टुडिओत हे सगळं चौकटीत बसवून दाखवलं जातं. चार खिडक्या, चार माणसं, आणि कुणाच्याच समोर ताट नाही.

लोकसभेच्या वेळी या गावातही बिघडलं होतं, बापूंनी लपवलं नाही. चहाची दोन हॉटेलं झाली, एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईना. लग्नाच्या पत्रिका वाटताना घरं गाळली गेली. बारशाला बोलावणं नाही, मयताला खांदा तेवढा राहिला. "मग मिटलं कसं?" मी विचारलं. माझी अपेक्षा होती की कुणीतरी कीर्तनकार आला असेल, कुणा वडीलधाऱ्यानं समजूत घातली असेल. बापू हसले आणि बांधापलीकडच्या विहिरीकडे बोट केलं.

विहीर सामाईक. बापूंच्या भावकीचे तीन हिस्से, गुरुजींच्या घरचा एक, आणि कधीकाळी विकत घेतलेला एक हिस्सा ट्रॅक्टरवाल्या पोराच्या आज्याचा. सातबाऱ्यावर इतर हक्कात लिहिलेला. आठवड्याला कुणाचं पाणी किती तास, हे दोन पिढ्यांपूर्वी ठरलेलं. मोटार एक, स्टार्टरची पेटी एक, किल्ली ज्याचा दिवस त्याच्याकडे. लाइट रात्री दोनला येते. "तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून मी किल्ली फेकली असती बांधावर," गुरुजी म्हणाले, "पण फ्यूज गेला तर वायरमनला फोन दोघांनी मिळूनच करावा लागतो. नुसता एकानं केला तर येत नाही तो." पहिले आठ दिवस दोघं किल्ली पोराच्या हाती पाठवत होते. मग पोराची परीक्षा आली. मग मोटार जळाली आणि वाइंडिंगचे पैसे कुणी किती काढायचे, यावर बांधावर उभं राहून दोन तास कचाकचा भांडले. त्या भांडणात आरक्षणही निघालं, चुलत्याचं जुनं प्रकरणही निघालं. पैसे हिश्शाप्रमाणे भरले. दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा.

मला हे ऐकून कोथरूडची आठवण झाली आणि जरा ओशाळल्यासारखं वाटलं. आमचं एकमेकांवाचून काही अडत नाही. पाणी महापालिका देते, नाहीतर टँकर, वीज कंपनी देते, भाजी दारात येते. न बोलणं आम्हाला परवडतं. मतं जुळत नसतील तर ग्रुप सोडायचा, आणि त्यालाच आम्ही शांतता म्हणतो. बापू आणि गुरुजी यांच्यात प्रश्न सुटलाय असं मुळीच नाही. ताट तेवढंच आहे, गुरुजींचा धाकटा अजून अभ्यास करतोय. पण वाटा लिहिलेला आहे आणि किल्ली एक आहे, म्हणून भांडण एका घरातून दुसऱ्या घरात जातं, रस्त्यावर उतरत नाही. गावबंदीच्या फलकावर लिहिणाऱ्याला असा हिस्सा नसतो. आरक्षणाच्या ताटात कुणाचा घास किती, हे कुठल्या सातबाऱ्यावर नाही, म्हणूनच ते भांडण रस्त्यावर येतं.

हे मी ठरवून टाकलं आणि तुळजापूरला त्याला पुरावाही मिळाला. भवानीच्या दारी तर सगळा कारभारच वाट्यांचा. पूजेला भोपे पुजारी, गोंधळ गोंधळ्यांचा, परडी-पोत आराध्यांचा. नवरात्रासाठी देवीचा पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून आणि पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तेली समाजातल्या भगतांच्या मानाची. कुणाचा मान चुकला की भांडण, आणि भांडण झालं तरी सोहळा थांबत नाही. कुंकवाच्या चिखलात अनवाणी उभं राहून मला माझा सिद्धांत अगदी पक्का वाटला. गर्दी मात्र अशी की दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत पुरावा, सिद्धांत आणि एक चप्पल, तिन्ही सैल झाले.

धाराशिव गाव एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी धाराशिव आहे, रिक्षावाल्याच्या तोंडी दोन्ही. 29 जून 2022 ला एका सरकारच्या अखेरच्या मंत्रिमंडळ बैठकीत नाव बदलायचं ठरलं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या सरकारनं पुन्हा ठरवलं, फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची मंजुरी आली, 8 मे 2024 ला मुंबई उच्च न्यायालयानं आव्हानाच्या याचिका फेटाळल्या. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाचं ओझं कशाला वाहायचं, हे एका बाजूचं म्हणणं मला समजतं. धाराशिव नाव जुनं आहे, लेण्यांना तेच आहे. ख्वाजा शमसोद्दीन गाझींच्या दर्ग्याबाहेर फुलं विकणाऱ्या माणसाचंही समजतं. त्याला निजामाशी काही देणंघेणं नाही. "नाव बदललं त्याचं एवढं नाही, ताई. बदललं तेव्हा फटाके कुणाच्या गल्लीत वाजवले, ते ध्यानात राहिलं." उरुसाला हिंदू येतात का, विचारलं तर म्हणाला, येतात की, नवस फेडायला येतात. एकटी शेळी तेवढी अजून उस्मानाबादी आहे. काळी, काटक, बहुधा जुळी देणारी ही जात देशभर त्याच नावानं नोंदलेली, आणि तिला राजपत्र वाचून दाखवायला कुणी गेलेलं नाही.

गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे. त्या फाटकासमोर टपरीवर गुलाबजाम खाताना (इथला गुलाबजाम खव्याचा, आतून दाणेदार, पुण्यातल्या पाकिटातल्या पिठाशी त्याचं नातं नाही) मला दुसरं एक नाव आठवत होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. 14 जानेवारी 1994 उजाडेपर्यंत सोळा वर्षं गेली, माणसं गेली. शेवटी नामांतराऐवजी नामविस्तार झाला, 'मराठवाडा' राहिलं आणि बाबासाहेबांचं नाव पुढे आलं. त्या वेळी दोन्हीकडचे अनेक जण असमाधानी होते. आज टपरीवरच्या पोरांना विचारलं तर त्यांना यातलं काही भांडणासारखं वाटत नाही. त्यांचा राग निकाल उशिरा लागतो यावर. सोळा वर्षं हा फार मोठा दाम झाला, तो कुणी कौतुकानं सांगू नये. पण निदान तिथं दोन नावं शेजारी उभी राहिली. इथं गावाच्या नावात एकाच्या जागी दुसरं आलं. कायद्यानं आलं, बहुमतानं आलं, आणि फुलवाल्याला कुणी काही विचारलं नाही.

याच गावात जानेवारी 2020 मध्ये त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी मोहीम चालवली, उद्घाटक ना. धों. महानोरांना जाऊ नका म्हणून फोन आले. महानोर आले. दिब्रिटो पाठीच्या दुखण्यासकट आले आणि वाढत्या असहिष्णुतेवर जे बोलायचं ते बोलले. संमेलननगरीला नाव होतं संत गोरोबा काकांचं. महानोर आणि दिब्रिटो, दोघंही आता नाहीत.

गोरोबांचं तेर तिथून जवळ. समाधी तेरणेच्या काठी, आणि संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं मडकं ओळखण्याची गोष्ट प्रत्येक जण सांगतो, म्हणून ती मी सोडून देते. मला जास्त गोडी लागली त्रिविक्रम मंदिराची. मागच्या बाजूनं गजपृष्ठाकार, विटांचं, मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. पुढे विष्णू आला. धाराशिवच्या लेण्यांतही बौद्ध आणि जैन एकमेकांच्या पाठोपाठ नांदून गेले. याबद्दल अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही. हे मी इथं छापायला नको होतं की काय, अशी एक शंका आहेच. लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा आहेत, शंखाच्या बांगड्या, मणी, हस्तिदंती बाई. बघण्यासारखं फार, पण पहारेकऱ्याला जेवायचं होतं.

ढोकीवरून कसबे तडवळ्याला पोचलो आणि माझ्या विहिरीच्या सिद्धांताला तिथं धक्का बसला. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला या गावी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तिला आले. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शाळेत मुक्काम झाला, असं गावातले कालच घडल्यासारखं सांगतात. वतनदार! म्हणजे हिस्सा तर यांच्याकडेही होता, तोही पिढीजात, लिहिलेला. वेशीची राखण, सांगावा, मेलेलं ढोर ओढणं, दोरखंड, हलगी, आणि बदल्यात बलुतं, शिळं, आणि जमिनीचा तुकडा. कुणाचा वाटा काय, यावर गावात कधी दुमत नव्हतं. सगळं इतकं ठरलेलं की मान वर करायला जागा नव्हती. बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं. बापूंच्या विहिरीत मी रमले, कारण तिथले हिस्सेदार एकमेकांना अडवू शकत होते. वतनात एकच बाजू दुसरीला अडवू शकत होती. तुळजापुरात रांगेत उभं राहून हा फरक मला दिसला नव्हता, मान असलेल्यांचाच मान मी मोजत होते. ज्याला कधी गाभाऱ्यात पाय ठेवता आला नाही त्याचा वाटा कुठल्या यादीत?

आणि परिषद महारांची नव्हती की मांगांची नव्हती, दोघांची मिळून होती. गावानं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध झुंजवत ठेवलेल्या दोन जाती एका मांडवात. म्हणून मी शाळेजवळच्या कट्ट्यावर बसलेल्या दोघांना विचारलं की आता कसं आहे. एक बौद्ध, एसटीतून निवृत्त झालेले. दुसरे मातंग, वीटभट्टीवर मुकादम. 1 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायला राज्यांना मोकळीक दिली, राज्यानं समिती नेमली, आणि कट्ट्यावरचा विषय तेव्हापासून तोच.

"तेरा टक्के, एकोणसाठ जाती," मुकादम बोटांवर मोजत म्हणाले. "आमच्या गल्लीत किती साहेब झाले, मोजा. मोजायला एका हाताची बोटं लई होत्यात."

"आम्ही शिकलो त्याची शिक्षा का?" एसटीवाले उसळले. "बाबासाहेबांनी एका मांडवात बसवलं, तुम्ही मांडव फाडायला निघालाव."

"मांडव फाडत नाही. मांडवात माझी सतरंजी कुठाय ते विचारतोय."

दोघंही मला साक्षीदार करू पाहत होते. मी काय बोलणार? आकडेवारीचं म्हणाल तर मुकादमांच्या बाजूनं बोलावंसं वाटत होतं, आणि एसटीवाल्यांची भीतीही उगाच नव्हती. तुकडे पाडून झुंजवण्याचा अनुभव त्यांना गावानंच दिलेला. मी फक्त विचारलं की हे तुम्ही कुठं मांडता, की इथं कट्ट्यावरच. तर बावीस फेब्रुवारीच्या कार्यक्रमात मांडायचं, असं दोघांच्याही मनात होतं. एसटीवाले कमिटीत. मुकादमांचं नाव वक्त्यांत अजून नव्हतं.

"घाला की माझं नाव."

"घालतो. पण वीस मिनिटं."

"तुम्ही गेल्या वर्षी पाऊण तास बोललाव."

"तो अध्यक्षीय समारोप होता."

"मग मला बी समारोप द्या."

मैत्रिणीनं गाडी सुरू केली होती. येरमाळ्यावरून पुढे कुंथलगिरीच्या फाट्यावर पेढे घ्यायचे होते आणि उन्हं उतरायला लागली होती. अर्धा-अर्धा तास, इथपर्यंत दोघं आले. आधी कोण बोलणार, यावर मात्र गाडं अडलं. शेवटी बोलणाऱ्याला उत्तर द्यायला मिळतं, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.